एकाच डिस्कवर दोन चित्रपट: 'गोजिरा' आणि त्याची अमेरिकी आवृत्ती

या डिस्कचं वेष्टण उघडलं की आतून घडीचा कागदी गॉडझिला ताडकन उभा राहतो, लहान मुलांच्या पुस्तकांत असतो तसा. ते बघून मला आधी वाटलं, आतला मालही असाच खेळण्यातला असणार. तीन रात्री घालवल्यावर मत पार बदललं. एका देशाचा चित्रपट दुसऱ्या देशात न्यायचा म्हणून त्याची फेरजुळणी करतात म्हणजे नेमकं काय करतात, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर याहून चांगली वस्तू माझ्या हाती आजवर पडलेली नाही.

वस्तू कोणती ते सांगते. क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीनं २०१२ साली काढलेली 'गॉडझिला'ची ब्लू-रे. तिच्यावर दोन चित्रपट आहेत. पहिला इशिरो होंडा यांचा, तोहो स्टुडिओनं काढलेला, ३ नोव्हेंबर १९५४ ला जपानमध्ये लागलेला 'गोजिरा', ९६ मिनिटांचा. दुसरा १९५६ साली अमेरिकेत लागलेला 'गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स!', ८० मिनिटांचा. हा दुसरा म्हणजे पहिलाच कापून, प्रसंगांचा क्रम फिरवून, मध्ये मध्ये अमेरिकेत नव्यानं चित्रित केलेले प्रसंग बसवून तयार केलेला. नवे प्रसंग टेरी मोर्स यांनी दिग्दर्शित केले. पुढे मी जपानी चित्रपटाला 'गोजिरा' आणि अमेरिकी चित्रपटाला 'गॉडझिला' म्हणणार आहे, म्हणजे घोटाळा होणार नाही.

माझा धंदा सबटायटल लिहिण्याचा. जपानी शिकले तीही याच कामापायी. काही वर्षांपूर्वी एका चित्रपटाचं काम पूर्ण करून दिलं होतं, महिन्याभरानं त्याचीच परदेशी पाठवायची प्रत आली, अकरा मिनिटांनी कमी. मला निरोप होता की भाषांतर तेच राहू द्या, फक्त टाइमकोड, म्हणजे कुठलं वाक्य कधी दिसायचं त्या वेळा, सरकवून द्या. सरकवता सरकवता लक्षात आलं की म्हातारीच्या तोंडी एकच वाक्य असलेला एक प्रसंग गेला आहे. शेवटचा प्रसंग त्या एका वाक्यावर उभा होता. विचारलं तर उत्तर आलं, "तिकडच्या प्रेक्षकाला ते कळणार नाही." तेव्हापासून 'तिकडचा प्रेक्षक' हे शब्द ऐकले की मला त्या माणसाला एकदा समोर बघावंसं वाटतं. तो कोण, कुठे बसतो, त्याला काय कळत नाही, हे ठरवलं कोणी?

तो माणूस मला या डिस्कवर भेटला. त्याचं नाव स्टीव्ह मार्टिन.

'गॉडझिला'मध्ये रेमंड बर या नटानं हा अमेरिकी वार्ताहर उभा केला आहे. कैरोला निघालेला, वाटेत जुन्या मित्राला भेटायला टोकियोत उतरलेला. मूळ चित्रपटात हे पात्रच नाही. अमेरिकी वितरकांना जपानी चित्रपट अमेरिकेत दाखवायचा होता आणि 'तिकडच्या प्रेक्षकाला' धरायला हात हवा होता. तेव्हा त्यांनी तो प्रेक्षकच उचलून चित्रपटात नेऊन बसवला. सभेत तो मागच्या रांगेत आहे. बेटावर तो गर्दीत उभा आहे. गॉडझिला टोकियो जाळत येतो तेव्हा तो खिडकीशी उभा राहून टेपरेकॉर्डरमध्ये वर्णन बोलतो आहे. आपण काय बघतोय ते तो आपल्याला सांगत राहतो.

त्याच्याबरोबर टोमो इवानागा नावाचा एक सुरक्षा अधिकारी असतो. हे पात्रही नवंच, फ्रँक इवानागा या नटानं केलेलं. मार्टिन सुरुवातीलाच कबूल करतो की त्याचं जपानी गंजलं आहे. मग पडद्यावर जपानी माणसं जपानीत बोलतात, मार्टिन टोमोकडे बघतो आणि टोमो थोडक्यात सांगतो. मला हे बघताना भलतीच आपुलकी वाटली. टोमो म्हणजे माझ्याच व्यवसायातला माणूस, कोट घातलेलं सबटायटल! सगळे संवाद डब करण्याऐवजी बरंच जपानी तसंच ऐकू येऊ दिलं, ही या फेरजुळणीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे. काही पात्रांना मात्र इंग्रजी आवाज दिले आहेत. त्यांतले बरेच जेम्स हाँग आणि सॅमी टाँग या दोघांनीच काढले.

पण टोमो थोडक्यात सांगतो, आणि तिथेच सगळं निसटतं. आमच्या कामात ही रोजची चिंता असते. बाई पडद्यावर सहा सेकंद बोलली आणि खाली तीन शब्द आले तर प्रेक्षकाला लगेच कळतं की काहीतरी लपलं.

आता जोडकाम कसं केलंय ते बघा, कारण कारागिरी म्हणून ते खरोखर बघण्यासारखं आहे. रेमंड बर आणि जपानी नट कधीच एका सेटवर नव्हते. त्यामुळे इस्पितळात जखमी मार्टिनशी नायिका एमिको बोलते तेव्हा त्याचा चेहरा दिसतो त्या शॉटमध्ये ती पाठमोरी असते. केस तसे, कपडे तसे, बाई वेगळी. तिचा चेहरा येतो तो मूळ चित्रपटातून, तिथे ती दुसऱ्याच कोणाशी बोलत असते. शास्त्रज्ञ सेरिझावा मार्टिनचा जुना मित्र दाखवलाय, म्हणून दोघांचं फोनवर बोलणं आहे. तिथेही सेरिझावाच्या जागी पाठमोरा माणूस बसवला आहे. मी हे प्रसंग शॉट शॉट थांबवून पाहिले. नजरेची दिशा बहुतेक ठिकाणी जुळवली आहे. प्रकाश जुळत नाही. होंडांच्या शॉटमध्ये सावल्या दाट आहेत, चेहऱ्याची एक बाजू अंधारात जाते. बरवरचा उजेड सपाट आहे, ऑफिसातल्यासारखा. एकदा हे दिसलं की प्रत्येक सांधा दिसायला लागतो. तरीही पहिल्यांदा बघताना मी चक्क फसले होते. ज्यानं कुणी टेबलावर बसून हे तुकडे जोडले त्याला माझा मनापासून नमस्कार.

दुसरा मोठा बदल क्रमाचा. 'गोजिरा' सुरू होतो तो समुद्रावर. जहाजाच्या डेकवर खलाशी निवांत बसलेत, कोणी गिटार वाजवतोय, कोणी माउथ ऑर्गन. समुद्रात डोळे दिपवणारा उजेड होतो आणि जहाज पेटतं. का पेटलं ते कोणालाच माहीत नाही. दुसरं जहाज जातं. बंदरावरच्या कचेरीत नातेवाईक जमतात, आरडाओरड होते. भीती अशी इंचाइंचानं वाढत जाते. 'गॉडझिला' मात्र जळून राख झालेल्या टोकियोपासून सुरू होतो, ढिगाऱ्यातून मार्टिनचा आवाज येतो आणि मग गोष्ट मागे जाते. म्हणजे काय होणार आहे ते पहिल्याच मिनिटाला कळलं. एका चित्रपटात आपण संकटाची वाट बघतो, दुसऱ्यात वार्ताहराचा अहवाल ऐकतो.

आता त्या प्रसंगाकडे येते ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. 'गोजिरा'मध्ये आगगाडीतला एक छोटा प्रसंग आहे. नोकरदार माणसं, एका बाईच्या हातात वर्तमानपत्र. ती वैतागून म्हणते की आधी अणूचा टूना मासा, मग किरणोत्सर्गी पाऊस आणि आता वर हा गोजिरा. आणि पुढे, नागासाकीच्या बाँबमधून वाचवून आणलेला हा जीव आहे माझा. सोबतचा माणूस म्हणतो, चला, आता 'सोकाई'साठी जागा शोधायला लागू. शेजारचा कुरकुरतो, "पुन्हा सोकाई? नको रे बाबा."

सोकाई म्हणजे युद्धात बाँबहल्ल्यांपासून वाचण्यासाठी शहरातली माणसं, विशेषतः शाळकरी मुलं, खेड्यापाड्यांत पाठवली गेली ते. १९५४ साली थिएटरात बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसानं हा शब्द स्वतः भोगलेला होता. मी या एका शब्दावर अर्धा तास बसले. 'स्थलांतर' लिहिलं तर सरकारी परिपत्रक वाटतं. 'पुन्हा घरदार सोडून पळायचं?' असं लिहिलं तर त्यातला थकवा येतो, पण ते 'पुन्हा' कशाबद्दलचं हे सांगायला जागा उरत नाही. आणि अणूचा टूना म्हणजे काय, तेही त्या प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं. १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली, तिची राख 'दायगो फुकुर्यू मारू' या मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते. त्यांतले रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा त्याच वर्षी २३ सप्टेंबरला वारले. त्यानंतर सहा आठवड्यांनी चित्रपट लागला. डेकवर बसलेले खलाशी आणि समुद्रातला तो उजेड आता पुन्हा आठवून बघा.

आगगाडीचा हा प्रसंग 'गॉडझिला'मध्ये नाही. संसदेतला वादही नाही, जिथे एक जण म्हणतो की हायड्रोजन बाँबशी याचा संबंध आहे हे जाहीर केलं तर आंतरराष्ट्रीय संबंध बिघडतील आणि बाया उठून त्याच्यावर ओरडतात. नागासाकीतून वाचलेली बाई 'तिकडच्या प्रेक्षकाला' कळणार नाही असं ठरलं, की कळेल म्हणूनच ती नको होती? माझ्या म्हातारीच्या वाक्याबद्दलही मला कधी कळलं नाही, आणि इथेही कापणाऱ्याच्या मनात काय होतं ते पडद्यावरून ठरवता येत नाही. गेलं एवढं मात्र दिसतं.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. अमेरिकी आवृत्तीतून बाँब पूर्ण पुसून टाकला असं सर्रास सांगितलं जातं, मीही तसंच ऐकून होते. ते खरं नाही. वृद्ध शास्त्रज्ञ यामाने तिथेही सांगतात की हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांमुळे हा प्राणी जागा झाला. म्हणजे कारण ठेवलं आहे. ज्यांनी ते सोसलं त्यांचं रोजचं बोलणं तेवढं काढलं. मला तर हे पूर्ण पुसण्यापेक्षा जास्त लागलं, कारण असं कापलेलं प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही.

परदेशासाठी केलेली प्रत्येक काटछाट अशीच असते असं मात्र मी म्हणणार नाही. स्टॅन्ली कुब्रिक यांनी 'द शायनिंग' युरोपसाठी स्वतःच्या हातानं १४४ मिनिटांवरून ११९ वर आणला. 'झूटोपिया'मध्ये बातम्या देणारा प्राणी अमेरिकेत मूस, चीनमध्ये पांडा, ऑस्ट्रेलियात कोआला आहे. त्यानं कोणाचं काही बिघडलं नाही. सर्जिओ लिओने यांच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका'चं मात्र दुःख वाटतं. २२९ मिनिटांचा, काळात मागेपुढे फिरणारा चित्रपट अमेरिकेत १३९ मिनिटांचा करून घटनाक्रमानं सरळ लावला गेला. आठवणींचा चित्रपट, त्याची नुसती घटनांची यादी उरली. मियाझाकी यांच्या 'नौसिका'चंही १९८५ साली अमेरिकेत 'वॉरियर्स ऑफ द विंड' या नावानं असंच झालं, वीसेक मिनिटं गेली. त्यानंतर त्यांच्या स्टुडिओनं परदेशी वितरकांपुढे कापाकापी न करण्याची अट घालायला सुरुवात केली.

तुम्हीही अशा आवृत्त्या ताडून बघत असाल तर मिनिटांवर आंधळा विश्वास ठेवू नका. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमनं चालतो, युरोपातल्या जुन्या डीव्हीडींवर तो २५ नं चालवत. त्यामुळे एकही फ्रेम न कापता ९६ मिनिटांचा चित्रपट ९२ मिनिटांत संपतो. असे 'चार मिनिटं गायब' म्हणून हळहळणारे मी पाहिले आहेत.

परत डिस्ककडे. दोन्ही चित्रपट इथे बरोबरीच्या मानानं ठेवले आहेत, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. अमेरिकी आवृत्ती कुठल्यातरी कोपऱ्यात 'जादा सामग्री' म्हणून टाकता आली असती. तसं केलेलं नाही. चित्रपट-इतिहासकार डेव्हिड कॅलट यांनी दोन्ही चित्रपटांवर वेगवेगळं समालोचन दिलं आहे, आणि दुसऱ्यावर बोलतानाही ते पहिल्याइतकेच मन लावून बोलतात. ते मला पटलं. जगातल्या पुष्कळ लोकांना गॉडझिला पहिल्यांदा भेटला तो याच ८० मिनिटांतून. इतकंच काय, ही अमेरिकी आवृत्ती १९५७ साली जपानमध्येही लागली, आणि 'राक्षसांचा राजा' ही पदवी तिथल्या लोकांनीही उचलली. अमेरिकेत मूळ 'गोजिरा' चित्रपटगृहांतून रीतसर फिरला तो २००४ साली, पन्नास वर्षांनी.

इतर सामग्रीत नायक ओगाताचं काम करणारे अकिरा ताकारादा आणि गॉडझिलाचा जड पोशाख घालून चालणारे हारुओ नाकाजिमा यांच्या मुलाखती आहेत, संगीतकार अकिरा इफुकुबे यांचीही आहे. 'दायगो फुकुर्यू मारू' बोटीविषयीचा, इतिहासकार ग्रेगरी फ्लुगफेल्डर यांचा सचित्र श्राव्य निबंध 'गोजिरा' बघण्याआधी ऐका असं मी म्हणेन. जपानी चित्रपटाचे इंग्रजी सबटायटल या आवृत्तीसाठी नव्यानं केले आहेत.

चित्र दोन्हींचं कृष्णधवल. 'गोजिरा'वर ओरखडे दिसतात, विशेषतः ट्रिक फोटोग्राफीच्या शॉटवर, कारण तिथे फिल्मवर फिल्म छापत जुने लोक काम करायचे. ते ओरखडे तसेच राहिले याचा मला आनंदच आहे.

एक गोष्ट हवी होती. बघता बघता एका चित्रपटातून दुसऱ्यात, त्याच प्रसंगावर उडी मारता आली असती तर! दोन्ही एकाच डिस्कवर असल्यानं शेजारी शेजारी दोन पडद्यांवरही लावता येत नाहीत. मी वहीत दोन रकाने आखले, वेळ टिपली, मेन्यूत परत गेले, दुसरा चित्रपट लावला, पुढे नेला. तीन रात्री त्यातच गेल्या. आणि घेण्याआधी तुमचा प्लेअर बघून घ्या, कारण ही डिस्क ब्लू-रेच्या 'ए' विभागाची आहे. अमेरिका आणि जपान दोन्ही याच विभागात येतात, भारत येत नाही. सगळे विभाग चालवणारा प्लेअर लागेल.

बघायचा क्रम: आधी 'गोजिरा', मध्ये निदान एक दिवस जाऊ द्या, मग 'गॉडझिला', आणि मग पुन्हा 'गॉडझिला' समालोचनासह. उलटा क्रम लावाल तर मार्टिनचा आवाज डोक्यातून जात नाही, मूळ चित्रपटातल्या शांत जागांत तो बोलतोय असा भास होत राहतो. माझ्या मैत्रिणीचं तेच झालं.

तिसऱ्या रात्री मी फक्त शेवटचे दोन प्रसंग पाठोपाठ लावले. समुद्र तोच, जहाज तेच, गॉडझिलाला संपवायला पाण्यात उतरलेला सेरिझावा परत न आल्याचं दुःख तेच. 'गॉडझिला'मध्ये मार्टिन सांगतो की संकट गेलं, एक थोर माणूसही गेला, पण आता सारं जग पुन्हा जागं होऊन जगू शकेल. 'गोजिरा'मध्ये मार्टिन नाही. यामाने म्हातारे झाल्यासारखे बसलेत आणि जवळजवळ स्वतःशीच बोलतात. तो गोजिरा शेवटचाच होता असं मला वाटत नाही. अशाच चाचण्या चालू राहिल्या तर जगात कुठेतरी पुन्हा एखादा येईल.

या पहिल्या वाक्यावर मी अडले. मूळ जपानीत 'इप्पिकी' आहे, जनावर मोजताना वापरायचा शब्द, मांजर, कुत्रा, मासा मोजतात तसा. पुराजीवशास्त्रज्ञ आपला नमुना मोजतोय आणि त्याच्यासाठी हळहळतोयही. 'शेवटचा' लिहिलं तर मोजणं जातं, 'शेवटचा प्राणी' लिहिलं तर हळहळ जाते. वहीत तीन वाक्यं लिहून खोडली आहेत. सध्या 'तो एकटाच उरला होता असं मला नाही वाटत' इथवर आले आहे.